डोक्यावर गुंड घेऊन कोणी हसतं का?

आमच्या नागऱ्याला कोणी पाहुणा आला की त्याला आधी देवळात न्यायचं, ही रीत. गोंदियापासून पाच-सहा किलोमीटरवरचं हे गाव, आणि गावची ओळख म्हणजे पुरातन शिवमंदिर. महाशिवरात्रीला इथं अशी काही गर्दी लोटते की घरातल्या बाईला दोन दिवस चहाचं आधण उतरवायची सोय नसते! तर मैत्रिणींनो, सांगायची गोष्ट ही की, महाशिवरात्रीच्या आधी एक भिंत रंगवायची असं ठरलं आणि त्या एका भिंतीनं मला जे शिकवलं ते बी.ए.च्या तीन वर्षांत शिकायला मिळालं नव्हतं.

मी जवळच्याच एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सकाळचा स्वयंपाक उरकून, डबे भरून, सासूबाईंची औषधं काढून ठेवून साडेदहाला शाळेत पोचायचं आणि दोनला परत. शाळेची रस्त्याकडची भिंत लांबलचक, पण अगदी उदास. पूर्वी कधीतरी तिच्यावर एक सुविचार लिहिला होता. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरले आणि ‘पाणी हेच जीवन’ मधलं ‘जीवन’ तेवढं गळून पडलं. ‘पाणी हेच’ एवढंच उरलं! मुलं ते वाचून हसायची. दिवाळीनंतर बैठकीत निघालं की भिंत पुन्हा रंगवू, विषय पाणीच ठेवू, आणि ते काम ‘मॅडमला चित्रकलेची आवड आहे’ म्हणून माझ्या गळ्यात पडलं. माझी आवड म्हणजे काय, तर दारापुढची रांगोळी आणि उशांच्या अभ्य्रांवरची मोरं!

पहिलं चित्र फसलं

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरभाऊंनी नमुना आणून दाखवला. मागे निळे डोंगर, त्यातून पडणारा धबधबा, दोन नारळाची झाडं आणि पुढे एक बाई. हिरवं नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर एकावर एक दोन हंडे, कमरेवर तिसरा, आणि चेहऱ्यावर गोड हसू. चित्र खरोखरच सुबक होतं. सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. त्यांनी चित्राकडं पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “डोस्क्यावर गुंड घेऊन कोनी हासते का जी, बाई?”

आमच्याकडं पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात. एकदम सगळे हसले. पण मला मात्र हसू येईना. मान ताठ, एक हात वर, पायाखाली चिखल, आणि घरी लेकरू रडत असलेलं, अशा वेळी बाई हसत नसते, ती पाय जपत असते. आपण सगळ्यांनी कॅलेंडरावर, वहीच्या पुठ्ठ्यावर, साडीच्या दुकानाच्या पिशवीवर ही हसरी पाणी भरणारी शेकडो वेळा पाहिली. एकदाही आपल्याला तो प्रश्न पडला नाही, आणि जिनं जन्मभर गुंड वाहिलं तिला तो एका नजरेत पडला!

शिवाय गोंदियात नारळ कुठला? आमचा जिल्हा तलावांचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण तलावांचा मुलूख हे नाव दोन्ही जिल्ह्यांनी वाटून घेतलं. मग आमच्या भिंतीवर तलाव का नसावा?

मी मुलांना सांगितलं, “पाण्याचं चित्र काढा.” सातवीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी काय काढलं असेल? नळ! कोणी प्लास्टिकची टाकी, कोणी पाण्याची बाटली. तलाव काढला तो दोघा-तिघांनी, आणि त्यांतल्या एकाच्या तलावात होती वल्ह्याची होडी आणि बदकं, म्हणजे तोही पुस्तकातलाच. मुलांची चूक नाही हो. नळ घरात आला हे चांगलंच झालं. बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण नळात पाणी कुठून येतं हे न शिकवता आपण त्यांना फक्त तोटी फिरवायला शिकवलं.

तलाव कुणी बांधले?

माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तिथं तलावाच्या पाळीवर मी लहानाची मोठी झाले. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाळीवरून घरी यायचं, हा आमचा रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या.

हे तलाव कुणा सरकारनं बांधलेले नाहीत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी पद्धत होती असं सांगतात. कोहळी समाज या कामात निष्णात. उतारावर आडवी पाळ कुठं घालायची, जास्तीचं पाणी सांडव्यानं कुठून काढून द्यायचं, हे ज्ञान त्यांच्या घरांत बापाकडून लेकाकडं जात आलं. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. त्यांना लोकांनी पुढं देवच केलं, कोलासूर म्हणून. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना म्हणतात सात बहिणी. अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचं लेखन ज्या मैत्रिणींनी वाचलं असेल त्यांना हे नवेगाव घरबसल्या ओळखीचं असेल.

पुढं मालगुजारी आली आणि तलाव मालगुजारांचे झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. नाव मामाचं, पण पुष्कळ तलावांना भाचे विसरले! पूर्वी उन्हाळ्यात गाव जमून गाळ काढायचं, पाळीला माती घालायचं. तलाव सरकारचा झाल्यावर ‘सरकार काढील’ म्हणून गाव थांबलं, आणि सरकारच्या यादीत आपल्या तलावाचा नंबर येता येता तलाव उथळ होत गेला. घराचंही असंच असतं ना? सामाईक जिन्याचा केर कोण काढणार, या वादात जिना कायम घाण!

आपणच चित्रकार होतो

भिंतीवर काय काढायचं ते ठरवायला मी सासूबाईंजवळ बसले. त्यांनी तांदूळ निवडता निवडता जे सांगितलं ते ऐकून वाटलं, अगं बाई, पाण्याचा उत्सव करणारी कला आपल्याकडं होतीच की! आपण तिला कला म्हणत नव्हतो, एवढंच.

भुजली पाहा. श्रावणात टोपलीत गहू पेरायचे, अंधारात ठेवून पिवळेधमक कोंब वाढवायचे, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या डोक्यावर घेऊन बायका-पोरी वाजतगाजत पाण्यावर निघायच्या. माती पाण्यात सोडायची आणि धुतलेले कोंब एकमेकींना द्यायचे. अबोला असला तरी त्या दिवशी सुटायचा. जन्माष्टमीचा मातीचा कानोबा दुसऱ्या दिवशी पाण्यातच जातो. नवरात्रातले जवारेही पाण्यातच. आणि महाराष्ट्रभर विहिरीच्या, नदीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा, जलदेवता. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर गेली की त्यांना हळदकुंकू वाहायची. ना मूर्तिकार, ना उद्घाटन, ना कोनशिला. सात दगड, चिमूटभर शेंदूर, पण त्यानंतर तिथं घाण टाकायची कुणाची छाती होत नसे.

पालघरकडच्या वारली चित्रांचं तरी काय? लग्नात तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा मान मुळात सवाशिणींचा. पुढं १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहिलं की जाळं हाताला लागेल असं वाटतं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

पाण्याच्या गोष्टींतही बाईच्या वाट्याला दोनच कामं येतात. एक पाणी वाहायचं, नाहीतर पाण्याला वाहून घ्यायचं. विहिरीला पाणी लागेना म्हणून धाकटी सून बळी दिली, अशी दंतकथा ज्या भागात नाही असा भाग शोधून काढावा लागेल! खऱ्या इतिहासात मात्र वेगळ्या बायाही आहेत. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. ती वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. आत राजवाड्यासारखं दालन, भिंतींवर वाघ-हत्तींची शिल्पं, आणि बांधणारीचं नाव सांगणारा शिलालेख. अहिल्याबाई होळकरांच्या विहिरी आणि घाट तर देशभर आहेत.

फार लांबचं उदाहरण द्यायचं तर रोमचं. तिथलं ट्रेव्ही कारंजं १७६२ मध्ये पूर्ण झालं. लोक त्यात नाणी टाकतात तेवढं आपण सिनेमात पाहतो. पण त्याच्या वरच्या बाजूला एक शिल्प आहे. तहानेल्या रोमन सैनिकांना एक मुलगी झरा दाखवते आहे. त्या झऱ्याचं पाणी दोन हजार वर्षांपूर्वी कालव्यानं शहरात आणलं, आणि ‘कुमारिका’ हेच त्या कालव्याचं नाव. हंडा वाहणारी बाई नव्हे, तर पाणी कुठं आहे ते ठाऊक असलेली बाई! मावशींचा प्रश्न आणि हे शिल्प, दोन्ही मला एकाच दिशेला नेत होते.

मग भिंतीवर काय काढलं?

आम्ही पेंटरभाऊंना घालवलं नाही. ते बिचारे समजूतदार. म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगा, मी रेषा मारतो, रंग पोरं भरतील.” मग मुलांना घरोघर धाडलं. आजीला विचारा, आजोबांना विचारा, तलावाच्या भागांना काय म्हणतात? किती शब्द आले म्हणून सांगू! पाळ, सांडवा, बोडी, पाट आणि तुडुम. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा. वर-खाली भोकं असतात, त्यांना लाकडी बुचं. पाणी उतरत जाईल तसतसं खालचं बूच काढायचं, म्हणजे एकदम लोंढा येत नाही. सातवीतल्या एकाही मुलाला हा शब्द ठाऊक नव्हता. आता ‘मॅडम, पोट तुडुम भरलं’ असं सगळे म्हणतात!

मध्यभागी तलाव आणि पाळ. एका बाजूला जंगल, कारण जंगल राहिलं तरच तलावात गाळ कमी येतो. दुसऱ्या बाजूला बांध्यांत परहे लावणाऱ्या बायकांची ओळ. त्यांचे चेहरे हसरेही नाहीत आणि रडवेही नाहीत, कामात गढलेले. पाण्यात देवधान, कमळं, शिंगाडा. काठाला सारसांची जोडी, कारण महाराष्ट्रात सारस मुख्यतः आमच्या जिल्ह्यातच उरले आहेत आणि धानाच्या बांधीतच ते घरटं करतात.

आणि एका कोपऱ्यात पाण्यात उतरलेल्या ढिवर समाजाच्या बायका. हा कोपरा काढताना थोडी कुरबूर झाली. “मासोळीवाल्या शाळेच्या भिंतीवर कशाला?” असं एकजण म्हणाले. पण अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर ढिवरांच्या संस्थांनी जे काम केलं ते मी माहेरी जाता-येता ऐकलं होतं. तलावात बेशरमाचं रान माजलं, पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, त्याबरोबर मासोळीही गेली. तेव्हा या लोकांनी, त्यात बायका पुढं, बेशरम उपटून काढलं आणि कोरड्या दिवसांत तळ नांगरून पावसाच्या सुरुवातीला मूळच्या पाणवनस्पती हातानं लावल्या. कुठली वनस्पती मासोळीच्या अंड्यांना आसरा देते, कुठली खायला होते, कुठली पाखरांना लागते, हे त्यांना तोंडपाठ. ज्यांना तलाव सर्वांत जास्त कळतो त्यांनाच चित्रातून वगळायचं, याला काय म्हणावं? मावशी या वेळीही चहा घेऊन आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तिथंच उभ्या राहिल्या. मग कुरबूरही थांबली. त्या दिवशी मला कळलं की मावशीही ढिवरांच्याच घरातल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत होते, आणि त्यांना काय काय ठाऊक आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्याही गावात करता येईल

हे वाचून कोणा मैत्रिणीला असं काही करावंसं वाटलं तर चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. आधी भिंत पाहा. पावसाचा मारा ज्या बाजूनं येतो ती भिंत टाळा. ओल आधी दुरुस्त करा. ओलीवर महागडा रंगही टिकत नाही, हे आमच्या गळून पडलेल्या ‘जीवना’नं शिकवलंच. काम पावसाळा संपून भिंत पुरती सुकल्यावर, दिवाळीनंतर काढा. जुने पोपडे तारेच्या ब्रशनं खरवडून, भिंत धुऊन, सुकवून मगच चुना द्या. चुन्यात डिंकाचं पाणी घातलं की हाताला पांढरं लागत नाही. जमिनीलगतचा दीड-दोन फुटांचा पट्टा गेरूचा ठेवा. चिखल उडाला तरी दिसत नाही आणि दरवर्षी तेवढाच पुन्हा सारवता येतो. चित्र मोठं करायचं तर कागदावर चौकोन आखा, तेवढेच चौकोन भिंतीवर मोठे आखा, अगदी भरतकामाचा नमुना उतरवतो तसं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, चित्र ठरवण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. तुमच्याकडं तलाव नसेल तर बारव असेल, आड असेल, नदीचा घाट असेल. मुंबईच्या मैत्रिणींनो, तुमच्या रस्त्यांवर दगडी पाणपोया आहेत. मशीद बंदराजवळची केशवजी नाईकांची पाणपोई १८७६ ची. त्याही कुणीतरी तहानेल्यासाठी हौसेनं नटवूनच बांधल्या होत्या. जवळून जाताना एकदा थांबून पाहा.

महाशिवरात्रीला येणारी-जाणारी माणसं भिंतीपुढं थांबली. कोणी सारस पाहून थांबलं, कोणी तुडुम ओळखून. एक म्हातारे बाबा नातवाला बोटानं दाखवून बराच वेळ काही सांगत होते. मला फार बरं वाटलं.

पण माहेरी गेले तेव्हा दादानं फोनवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “ताई, भिंतीवरचा तलाव छान आहे. आपला मात्र गाळानं भरला. रंगानं गाळ निघतो का?”

खरं आहे त्याचं. रंगानं गाळ निघत नाही. भिंत रंगवून आपलं कर्तव्य झालं असं मानलं तर ती हसरी हंडेवाली काय वाईट होती? मी त्याला म्हटलं, “नाही निघत. पण मुलांना आता ठाऊक आहे की तिथं काय असायला हवं. नसलेलं दिसायला आधी असलेलं ठाऊक पाहिजे ना?” तो काही बोलला नाही. वहिनीनं मात्र स्वयंपाकघरातून विचारलं, “ग्रामसभेला बायका जास्त आल्या तर तलावाचा ठराव घेता येईल का हो, ताई?”

येईल, का नाही येणार? गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली ती याचसाठी. तलावातला गाळ शेतात गेला की तलाव खोल होतो आणि शेत सुपीक. पुढच्या ग्रामसभेला वहिनी आणखी अकरा जणींना घेऊन जाणार आहे. तिनं माझ्याकडून भिंतीचा फोटो मागून घेतला आहे. तुडुमाचा भाग जरा मोठा करून पाठवा, म्हणाली.

आणि हो, भिंतीवर गुंड घेतलेली बाईही आम्ही काढली बरं का! मावशींनीच सांगितलं, ती असायलाच हवी. फक्त तिनं गुंड पाळीवर खाली उतरवून ठेवलं आहे, आणि ती पदरानं मान पुसत पाण्याकडं पाहते आहे. चेहरा मावशींनी पसंत केला, मगच रंगवला.